कायद्यानंतरची चाळीस वर्षे



हिंदू विधवेच्या पुनर्विवाहास कायद्याची मान्यता मिळाली ती १८५६ साली. पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन झाला १८९६ साली. मधली चाळीस वर्षे हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. समाज कसा बदलला, हे सांगताना आपण बहुधा कायद्यांची आणि थोर पुरुषांची यादी देऊन मोकळे होतो. यादी वाचणाऱ्यास वाटते की, एकेक पायरी चढत समाज सुखाने वर आला असावा. या चाळीस वर्षांचा इतिहास मात्र निराळा आहे.

ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीचा आधार दाखवून सरकारकडे अर्ज केला आणि कायदा झाला. त्यात एक कलम असेही होते की, पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपुष्टात यावा. महाराष्ट्रातील अनेक कृषक व कारागीर जातींत पाट लावण्याची चाल पूर्वापार होतीच. त्यांना या परवानगीची गरज नव्हती. हक्क गमावण्याचे कलम मात्र पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्यांनाही लागू धरले! कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक वर्ग होता आणि जाच झाला दुसऱ्याला.

आणि ज्या पांढरपेशा घरांसाठी कायदा झाला, तेथे काय घडले? विष्णुशास्त्री पंडित यांच्या प्रयत्नांनी १८६९ साली मुंबईत एक विधवाविवाह झाला, तेव्हा त्यात भाग घेणाऱ्यांवर बहिष्कार पडला. १८७० साली पुण्यात या प्रश्नावर शास्त्रार्थ झाला आणि निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. वाद घालणारे दोन्ही बाजूंचे पंडित पुरुषच होते, हेही ध्यानात ठेवावे. १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांची प्रथम पत्नी निवर्तली. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता असलेल्या या पुरुषाने वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. रानड्यांना दोष देणे सोपे आहे. पण एवढ्या मोठ्या मनुष्यालाही घरातील वडीलधाऱ्यांपुढे मान तुकवावी लागली, यावरून रूढीचे मूळ कोठे होते ते कळते. ते माजघरात होते.

माजघरातील दुःख बाहेर येत असे ते निराळ्या वाटेने. फसलेल्या विधवांना गुप्तपणे बाळंत होता यावे आणि अर्भकांची हत्या टळावी, म्हणून जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले, तोच यशवंत. पुढे १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करावयाचे नाही, असे तेथे ठरले. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवावयाचे मनावर घेतले. पांढरपेशा सुधारणेच्या इतिहासात या सभेला ओझरताच उल्लेख लाभतो.

आता देवरुखच्या गोदूबाई जोशी यांच्याकडे वळू. वयाच्या आठव्या वर्षी त्या विधवा झाल्या. पुढे भावाने त्यांना मुंबईस आणले आणि १८८९ साली पंडिता रमाबाईंनी उघडलेल्या शारदा सदनाच्या त्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक झाल्या. भावाचे मित्र धोंडो केशव कर्वे हे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक होते. प्रथम पत्नीच्या निधनानंतर त्यांनी मार्च १८९३मध्ये गोदूबाईंशी विवाह केला. त्या आनंदीबाई झाल्या. ज्या मुरूडमध्ये कर्वे लहानाचे मोठे झाले, त्या गावाने बहिष्काराचा ठराव केला. त्याची झळ कर्व्यांच्या आईला आणि भावालाही सोसावी लागली.

त्याच वर्षी धर्मांतराच्या प्रश्नावरून शारदा सदनाविषयी मोठा वाद उठला आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. टीका पुष्कळ झाली आणि तिला कारणही होते. पण काढून घेतलेल्या मुलींनी शिकावे कोठे, याचे उत्तर टीकाकारांपाशी नव्हते. हिंदू समाजाने आपल्या लेकींसाठी स्वतःचे असे काय उभारले होते?

कर्वे आधी विधवाविवाहाच्या मंडळीचे काम करीत होते. अनुभवाने त्यांना उमगले की, विवाहास धजणाऱ्या विधवा मोजक्याच असणार. उरलेल्यांना आधी स्वतःच्या पायांवर उभे राहता आले पाहिजे. म्हणून आश्रम काढताना त्यांनी विवाहाची चळवळ त्यापासून अलग ठेवली. सनातनी बापानेही मुलगी निर्धास्तपणे पाठवावी, हा त्यामागील हेतू होता. कोणी याला माघार म्हणेल. पण मुली आल्या त्या या धोरणामुळे. १९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला. तेथे एक झोपडी होती. महाविद्यालयातील तास संपवून कर्वे रोज पायी तेथे जात.

आनंदीबाईंच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी पदरी मूल घेऊन विधवा झाल्या होत्या. त्याही आश्रमात आल्या, शिकल्या, शिकवू लागल्या आणि आश्रमासाठी वर्गणी जमविण्यास गावोगाव हिंडल्या. हे सर्व त्यांनी सोवळ्या विधवेच्या वेषात केले. केशवपन त्यांनी १९१२ साली थांबविले. पुढे इंग्रजीचे फारसे ज्ञान नसताना त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे घरकाम करून राहिल्या. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले तेव्हा पहिल्या वर्गात पाच विद्यार्थिनी होत्या आणि शिक्षण मातृभाषेतून होते. चार वर्षांनी त्याला ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी मिळाली.

हा सारा इतिहास जुना म्हणून बाजूला ठेवता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये ठराव केला की, पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद व्हाव्यात. त्याच महिन्यात राज्य शासनाने हा कित्ता गिरविण्याचे आवाहन राज्यातील ग्रामपंचायतींना केले. ठराव गावाचा असला, तरी तो पाळावयाचा आहे घरात, तोही दुःखाच्या ऐन घटकेला, जेव्हा नात्यातीलच एखादी वृद्धा बांगड्यांना हात घालते आणि तिला अडविण्याचे भान कोणाला राहत नाही. शहरी घरांसाठी तर असा ठराव कोणी केलेला नाही. तेथे संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी घरातील गृहिणीच करते, आणि शेजारच्या कोणत्या काकूंना बोलवावयाचे, कोणत्या वगळावयाच्या, हेही तीच ठरविते.