उपदंशाचा हृदयावरील घाला

ज्याला लोक ‘गरमी’ म्हणतात आणि भावप्रकाशांत ज्याला फिरंगरोग असें नांव आहे, तो उपदंश म्हणजे त्वचेचा व गुह्येंद्रियांचा रोग, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पहिलें क्षत फारसें दुखत नाहीं व कांहीं आठवड्यांत आपोआप भरून येतें; पुढें अंगावर उठणारे चट्टेहि मावळतात. रोगी निर्धास्त होतो, विवाह करतो, संसारांत रमतो. रोग मात्र गेलेला नसतो. बहुधा दहा ते तीस वर्षांनीं तो पुन्हां प्रकट होतो, आणि कित्येकदां तो थेट हृदयाच्या उंबरठ्यावर.

हृदयांतून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महारोहिणी. तिची भिंत इतकी जाड असते कीं, तिच्या पोषणासाठीं त्या भिंतींतच वेगळ्या सूक्ष्म वाहिन्या असतात. उपदंशाचे जंतु नेमके यांनाच गांठतात. त्या सुजून बुजत जातात. पोषणावांचून मधल्या थरांतील लवचिक तंतु मरतात. शवपरीक्षेंत अशा महारोहिणीचा आंतला पृष्ठभाग झाडाच्या सालीसारखा सुरकुतलेला दिसतो. दुबळी झालेली भिंत रक्ताच्या दाबानें हळूहळू फुगते. तो फुगवटा छातीचें हाड झिजवितो, स्वरयंत्राच्या मज्जातंतूवर दाब पडल्यास आवाज घोगरा करतो, आणि फुटला तर कांहीं क्षणांत सारें संपतें. कांहींच्या महारोहिणीच्या मुखाशीं असलेली झडप नीट मिटेनाशी होते व पुढें लोटलेलें रक्त हृदयांत माघारीं येतें. तर कांहींच्या बाबतींत खुद्द हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांचीं तोंडें आकसतात.

असें कितीजणांचें होतें, याचा हिशेब नॉर्वेंत मिळाला. ऑस्लो येथील प्राध्यापक बोएक यांना पाऱ्याचा उपचार घातक वाटे. म्हणून १८९१ ते १९१० या काळांत त्यांनीं सुमारें दोन हजार रोग्यांना पारा न देतां केवळ रुग्णालयांत ठेवलें. पारा विषारी होता हें खरें, परंतु त्या वेळीं त्याहून बरें औषधहि नव्हतें. या रोग्यांचा मागोवा घेऊन ग्येस्टलांड यांनीं १९५५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले : पुरुषांपैकीं शेंकडा तेरा-चौदा व स्त्रियांपैकीं सात-आठ जणींना हृदय-रोहिणींचा उपदंश जडला होता.

मधल्या मूक वर्षांत रोग्याला कांहींच जाणवत नाहीं. त्याचें रक्त मात्र तपासणींत साक्ष देतें. १९४३ सालीं अमेरिकेंत महोनी यांनीं पेनिसिलिनचा गुण दाखविला, आणि आज उशिराच्या अवस्थेंतहि सामान्यतः दर आठवड्यास एक याप्रमाणें तीन वेळां तें टोंचलें जातें. जंतु त्यानें मरतात. फुगलेली महारोहिणी मात्र तशीच राहते, गळकी झडप गळकीच राहते. त्यांच्यासाठीं शस्त्रवैद्यालाच बोलवावें लागतें.