अर्ध्या एकराचं गावकूस



अमेरिकेत स्थायिक झालेल्या एखाद्या भाच्याने किंवा पुतणीने घर घेतलं की इकडे फोन येतो. घर केवढं आहे, मागे अंगण आहे का, हे सगळं नंतर. आधी सांगितलं जातं ते हे की, "स्कूल डिस्ट्रिक्ट चांगलं आहे." आपणही मुलांची सोय झाली म्हणून निश्चिंत होतो. पण शाळा चांगली म्हणून घर महाग आणि घर महाग म्हणून शाळा चांगली, हा फेरा तिथे कुणी सुरू केला, ते फोनवर निघत नाही. आज मी त्या फेऱ्याबद्दल बोलणार आहे.

मुलांकडे सहा महिने राहून आलेल्या आजी-आजोबांची एक तक्रार ठरलेली असते. कोपऱ्यावर वाणी नाही. दूध संपलं तर संध्याकाळी मुलगा येईपर्यंत वाट बघायची, कारण गाडीशिवाय कुठे जाता येत नाही. अमेरिकन माणसाला मोकळी जागा आवडते, गाडी आवडते, म्हणून तिथली उपनगरं अशी पसरली, असं आपण समजतो. त्यात थोडं तथ्य आहे. पण त्या कोपऱ्यावर कुणाला दुकान काढायचंच असेल, तरी ते काढता येत नाही. कायद्याने बंदी आहे. दुमजली घरात दोन बिऱ्हाडं ठेवायलाही पुष्कळ ठिकाणी बंदी आहे. ज्या सॅन होजे शहरात आपली किती तरी इंजिनिअर मंडळी राहतात, तिथे २०१९च्या सुमारास निवासी जमिनीपैकी ९४ टक्के जमीन 'एका प्लॉटवर एकच स्वतंत्र घर' या नियमाखाली होती. सिअ‍ॅटलमध्ये हे प्रमाण ८१ टक्के होतं, न्यूयॉर्क शहरात फक्त १५.

या नियमाचं जन्मगाव म्हणून कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचं नाव घेतात. विद्यापीठाचं, पुरोगामी विचारांचं गाव. तिथल्या एल्मवुड या वस्तीसाठी १९१६ साली असा नियम झाला की इथे एका कुटुंबाचं एक घर, दुसरं काही नाही. साधारण त्याच काळात पेशावरहून आलेल्या वैष्णोदास आणि कला बगाई या जोडप्याने बर्कलीत घर विकत घेतलं. तीन मुलं आणि सामानसुमान घेऊन ते पोहोचले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकलेलं. हे लोक इथे नकोत, एवढंच कारण. बगाई कुटुंब आल्या पावली परत फिरलं.

अमेरिकेतल्या काही शहरांनी हा शेजाऱ्यांचा कारभार सरळ कायद्यातच घातला होता. या गल्लीत गोरे, त्या गल्लीत काळे. १९१७ साली लुईव्हिल शहराचा असा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. आता कायद्यात वंशाचं नाव घेता येईना. मग चौरस फुटांचं घेतलं. प्लॉट एवढाच मोठा हवा, घर एवढंच रुंद हवं, भाड्याच्या फ्लॅटची इमारत नको. कुणाचं नाव न घेता ज्याला बाहेर ठेवायचं तो बाहेर राहतो. आपल्याकडे गावकूस होतं, ते कुठल्या नकाशात काढायची गरज पडली नाही. अमेरिकेने नकाशा काढून, हरकती मागवून, रीतसर ठराव करून गावकूस घातलं.

त्यावर शिक्कामोर्तब झालं १९२६ साली. क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड नावाच्या गावाविरुद्ध एक जमीन कंपनी न्यायालयात गेली आणि हरली. जमिनीचे असे विभाग पाडण्याचा गावाला अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनी बंगल्यांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या इमारतीला चक्क बांडगूळ म्हटलं आहे. हेच सदरलंड आपल्याला आणखी एका निकालातून ठाऊक असायला हवेत. तीन वर्षं आधी, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला अमेरिकन नागरिक होता येत नाही, असं त्यांनीच लिहिलं. थिंड यांच्या बाजूने न्यायालयात काय मांडलं गेलं? आपण उच्च जातीचे शुद्ध आर्य आहोत, आणि जातीबाहेर लग्न करत नसल्यामुळे रक्त शुद्ध राहिलं आहे. जातीचा दाखला साता समुद्रापार न्यावा, आणि तिथे तो चालू नये! मला या खटल्याचं वाईट वाटतं आणि थोडं हसूही येतं. स्वतः सदरलंड इंग्लंडात जन्मले होते आणि लहानपणी अमेरिकेत आले होते, हे जाता जाता. थिंड खटल्याच्या निकालामुळे वैष्णोदास बगाई यांचं मिळालेलं नागरिकत्व गेलं, मालमत्ता विकावी लागली, आणि १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. आज बर्कलीत एका रस्त्याला कला बगाई यांचं नाव आहे.

नकाशा झाला, पण त्यात जीव ओतला तो पैशाने. मंदीच्या काळात घरकर्ज निम्मी रक्कम आधी भरून मिळे आणि पाच-सात वर्षांत ते चुकवावं लागे. रुझवेल्ट सरकारने १९३४ साली एक गृहनिर्माण खातं काढून कर्जांना सरकारी हमी दिली. हप्ते वीस-पंचवीस वर्षांवर गेले आणि कारखान्यातल्या कामगाराला घर परवडू लागलं. फार मोठं काम. पण हमी कुठल्या वस्तीला द्यायची? दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे सरकारच्याच दुसऱ्या एका संस्थेने रंगवले. हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोका. काळ्यांची वस्ती बहुतेक ठिकाणी लाल. हमी देणाऱ्या खात्याचे नियमही त्याच वळणाचे होते.

याचं डेट्रॉइटमधलं एक उदाहरण सांगतो. काळ्या लोकांच्या एका जुन्या वस्तीला लागून एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. सरकारी खातं हमी देईना, कारण शेजार 'धोक्याचा'. १९४१ साली त्याने दोन वस्त्यांच्या मध्ये सहा फूट उंच, एक फूट जाड, जवळजवळ अर्धा मैल लांब भिंत बांधली. मग हमी मिळाली. भिंत अजून उभी आहे. आता तिच्या दोन्ही बाजूंना बहुतेक काळी कुटुंबं राहतात.

महायुद्ध संपल्यावर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत लेव्हिटाउन उभं राहिलं, चार-पाच वर्षांत १७ हजारांवर घरं. परतलेल्या सैनिकांसाठी. त्यांच्या करारात कलम होतं की या घरात गोऱ्या वंशाखेरीज कुणी राहणार नाही. घरगडी मात्र इतर वंशाचा चालेल. हे कलम ज्यांनी लिहिलं त्यांना त्यात विसंगती दिसली नसावी.

पुढे १९५६ चा महामार्ग कायदा आला. खर्चाचे ९० टक्के केंद्र सरकारने द्यायचे होते, मग शहरांनी हात आखडता कशाला घ्यावा? उपनगरातून गाडीने कामावर येणाऱ्यांसाठी शहराच्या पोटातून रस्ते काढले गेले, आणि जिथे जमीन स्वस्त आणि आवाज कमी, तिथून ते गेले. मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये राँडो नावाची काळ्यांची नांदती वस्ती होती. रेल्वेरुळांच्या कडेने रस्ता न्यावा, असा पर्याय शहराच्याच एका नियोजनकाराने सुचवला होता. तो बाजूला पडला आणि राँडोतली सुमारे सहाशे काळी कुटुंबं उठवली गेली. २०१५ मध्ये महापौरांनी जाहीर माफी मागितली.

१९६५ साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि आपले डॉक्टर, इंजिनिअर तिकडे जायला लागले. १९६८ च्या ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ११ एप्रिलला घरविक्रीतला भेदभाव बेकायदा ठरवणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. म्हणजे आपली माणसं उपनगरात घर बघायला निघाली तेव्हा दाराचं कुलूप नुकतंच कुणीतरी काढलं होतं, आणि ते काढण्यासाठी रस्त्यावर उतरलेले लोक बहुतांशी काळे होते. तिकडच्या मराठी संमेलनांत आपल्या कष्टांची आठवण निघते. ती निघावीच. हे देणंही कधी निघावं.

वंशाचं कुलूप गेलं, पण चौरस फुटांचं राहिलं. पदवी आणि पगार असलेल्या माणसाला ते दिसतच नाही. शाळेचा खर्च तिथे मोठ्या प्रमाणात गावच्या घरपट्टीतून चालतो, आणि घरपट्टी घराच्या किमतीवर. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचे आकडे बघा, १९६०च्या दशकाअखेरचे. एजवुड हे गरीब मेक्सिकन वंशाच्या लोकांचं डिस्ट्रिक्ट. तिथे शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर बसवूनही मुलामागे स्थानिक करातून २६ डॉलर जमत. त्याच परिसरातलं अ‍ॅलॅमो हाइट्स ८५ सेंटच कर घेई आणि मुलामागे ३३३ डॉलर जमवी. पालक न्यायालयात गेले. १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, यात घटनाभंग नाही.

चौरस फुटांच्या त्या कुलपाला वेगळं उत्तर देण्याचं धाडस एका राज्याने केलं. ते राज्य न्यू जर्सी, जिथे एडिसनच्या ओक ट्री रोडवर आपल्याला हवा तो मसाला मिळतो. फिलाडेल्फियाच्या बाजूला माउंट लॉरेल नावाचं गाव आहे. तिथे काळी शेतमजूर कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत होती, काही तर कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यांत डागडुजी करून. गावात बंगले उठू लागले तशी खुराडी पाडायची वेळ आली. लोकांनी मागितलं काय, तर साध्या भाड्याच्या ३६ घरांची परवानगी. १९७० मध्ये महापौर त्यांच्या चर्चमध्ये आले आणि सांगून गेले की परवडत नसेल तर गाव सोडा. गावाच्या नियमांत एका विभागात कमीत कमी अर्ध्या एकराचा प्लॉट सक्तीचा होता. एथेल लॉरेन्स या बाईंच्या सहा पिढ्या त्या गावात झाल्या होत्या. त्या इतरांना घेऊन न्यायालयात गेल्या.

१९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: वाढत्या गावाने आपल्या वाट्याची परवडणारी घरं होऊ दिलीच पाहिजेत, नियमांच्या आडोशाने गरिबाला बाहेर ठेवता येणार नाही. गावं ढिम्म हलली नाहीत. १९८३ मध्ये त्याच न्यायालयाने बिल्डरांच्या हातात चावी दिली. गाव अडवत असेल तर बिल्डरने दावा लावावा, प्रकल्पात काही घरं स्वस्त ठेवावीत, आणि बदल्यात जास्त घरं बांधावीत. १९८५ च्या कायद्याने गावांना एक पळवाट मिळाली: आपल्या वाट्याची निम्मी घरं पैसे देऊन दुसऱ्या, गरीब शहरात बांधून घ्या. श्रीमंत गावांनी ती वापरली. २००८ मध्ये ती बंद झाली.

एथेल लॉरेन्स १९९४ साली वारल्या. त्यांच्या नावाची १४० घरांची वसाहत माउंट लॉरेलमध्ये २००० साली उघडली, खटल्यानंतर जवळपास तीस वर्षांनी. शेजाऱ्यांची भाकितं होती की गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, कर चढतील. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी सहकाऱ्यांसह ते मोजून बघितलं आणि २०१३ साली पुस्तक काढलं. यातलं काहीही झालं नव्हतं. वसाहतीतल्या कुटुंबांचं उत्पन्न वाढलं होतं, मुलं चांगल्या शाळेत जात होती.

तरीही विरोध थांबलेला नाही. २०२४ साली न्यू जर्सीने नवा कायदा करून प्रत्येक गावाचा पुढच्या दहा वर्षांचा वाटा ठरवायची पद्धत आखली, आणि काही गावं त्याविरुद्ध न्यायालयात गेली. सभांमध्ये 'गावाचं स्वरूप बिघडेल', 'शाळांवर ताण येईल', 'ट्रॅफिक वाढेल' ही वाक्यं हमखास ऐकू येतात. ट्रॅफिकचा मुद्दा कधीकधी खराही असतो. पण ही वाक्यं आता आपली माणसंही सफाईने बोलतात, याची मला काळजी वाटते. दुसऱ्या बाजूला मिनिआपोलिसने २०१८ मध्ये 'एका प्लॉटवर एकच घर' हा नियम संपवण्याचं ठरवलं, ओरेगन राज्याने पुढच्याच वर्षी कायदा केला, आणि २०२१ मध्ये खुद्द बर्कलीच्या नगरपरिषदेनेही तो नियम मागे घेण्याचा ठराव केला. नियम माणसांनी केले होते, माणसंच बदलत आहेत.

न्यू जर्सीत गावाच्या प्लॅनिंग बोर्डाची सभा कायद्याने सर्वांना खुली असते. मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांना माझी विनंती आहे की एक संध्याकाळ त्या सभेत जाऊन मागच्या खुर्चीवर बसा आणि कोण काय बोलतं ते ऐका. आणि मुलाकडे, सुनेकडे नव्या घरांना विरोध करणाऱ्या अर्जावर सही मागायला कुणी आलं, तर सही करण्याआधी ती घरं कुणासाठी आहेत, हे त्यांना वाचायला सांगा.