शिकाऊ उमेदवार आणि शिकण्याची ओढ

बोरी नदीकाठच्या अमळनेरला विद्या आणि उद्योग या दोहोंचा वारसा लाभला आहे. श्रीमंत प्रताप शेठ यांनी येथे कापडगिरणी उभारली आणि त्यांच्याच आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर सुरू झाले. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात येथील शाळेत अध्यापन केले. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे ‘विप्रो’ म्हणून नावारूपास आलेल्या कंपनीचा वनस्पती तेलाचा पहिला कारखानाही याच गावी निघाला. शाळा आणि कारखाना यांच्या मधल्या वाटेवर उभ्या असलेल्या तरुणाचा विचार करावयास याहून योग्य गाव कोणते?

हा तरुण बहुधा आसपासच्या खेड्यातून येतो. घरी कोरडवाहू कापसाची शेती असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी व्यवसायाला प्रवेश मिळाला, की प्रथम त्याच्या हाती कानस येते. शेगड्यात लोखंडाचा तुकडा धरावयाचा, घासावयाचा, गुण्या लावून उजेडासमोर पाहावयाचा. फटीतून प्रकाश दिसला, की पुन्हा घासावयाचा. हाताला फोड येतात. हे कशासाठी, याचे उत्तर न मिळाल्यास त्याचे मन त्या कामावरून उडते. वर्गातील त्रिकोणमितीचेही तेच होते.

कारखान्यात याच्या अगदी उलट प्रकार घडतो. तेथे ‘कशासाठी’ याचे उत्तर डोळ्यांपुढे फिरत असते. दांडा केसभर जाड राहिला, तर तो बेअरिंगमध्ये बसत नाही. परंतु तेथे समजावून सांगण्यास कोणाला सवड नसते. माल बिघडेल या भीतीने उमेदवाराला यंत्रापासून दूर ठेवले जाते आणि सामान उचलणे, झाडलोट करणे यांतच त्याचे दिवस जातात. संस्थेत त्याला उत्तर मिळत नाही आणि कारखान्यात प्रश्न विचारण्याची सोय नसते. मुलगा आळशी आहे, असा शेरा मारण्यापूर्वी ही कोंडी ध्यानी घ्यावयास हवी.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने या कोंडीचा विचार केलेला आहे. उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे, असे हा कायदा मानतो. त्याला विद्यावेतन मिळते. परंतु नगावर मोबदला देण्यास किंवा उत्पादन-बोनसच्या योजनेत त्याला गुंतविण्यास मनाई आहे. कारण नग मोजू लागलेला हात चुका करून शिकण्यास धजत नाही. संबंधित विषयांच्या वर्गात घालविलेला वेळही कामाचाच वेळ धरला जातो. उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. त्याचबरोबर, मन लावून व्यवसाय शिकणे हे उमेदवाराचेही कर्तव्य ठरविले आहे.

मात्र कायद्याने वेळ राखून ठेवता येतो, ओढ निर्माण करता येत नाही. ती माणसाकडूनच लागते. साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवीत. आपल्यासाठी कोणीतरी रोज काही लिहितो, ही जाणीव मुलाला केवढे बळ देत असेल! प्रगतीची नोंदवहीही याच भावनेने भरता येईल. आज काय केले, कोठे चुकले आणि का चुकले, हे उमेदवाराने लिहावे; मिस्त्रीने ते पाहावे आणि तीच वही संस्थेतील निदेशकाने वर्गात उघडावी. मग फळ्यावरील आकृतीत त्याला कालचा दांडा दिसू लागेल. निदेशकाने अधूनमधून कारखान्यात जावे आणि जुन्या कारागिराला वर्गात बोलवावे. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमचे सूत्र हेच होते, की हाताचे काम हेच ज्ञानाचे द्वार व्हावे. जर्मनीत शाळा आणि कारखाना या दोन्ही ठिकाणी मिळून कारागीर घडविला जातो.

यात मोठी गोष्ट पणाला लागलेली आहे. उमेदवारी संपल्यावर त्याच कारखान्यात नोकरी मिळेलच, अशी हमी कायदा देत नाही. २०१४ च्या दुरुस्तीनेही भरतीचे धोरण मालकाने स्वतः ठरवावे, एवढेच सांगितले आहे. दरवाजाबाहेर पडताना तरुणासोबत जाते ती त्याची विद्या आणि आणखी शिकण्याची सवय. गिरणी बंद पडू शकते, यंत्र जुने होऊ शकते. गुण्या लावून तुकडा उजेडासमोर धरण्याची ज्याला गोडी लागली, तो मात्र नव्या यंत्रापुढेही बिचकत नाही.