बळ आणि निवड : चंडीगडच्या मैदानावरचे दोन फलंदाज



शाळेच्या मैदानावर बारा-तेरा वर्षांचा एखादा मुलगा चेंडू असा टोलवतो की तो कुंपण ओलांडून रस्त्यावर जाऊन पडतो. क्षणभर खेळ थांबतो. बरोबरची मुले टाळ्या पिटतात, पलीकडच्या घरातून कोणीतरी ओरडते, आणि व्हरांड्यात उभ्या असलेल्या शिक्षकांच्या मनात एकाच वेळी दोन विचार येतात. पोराच्या हातात जोर आहे, हा पहिला. आणि याला वेळीच आवरायला हवे, हा दुसरा. आजच्या व्याख्यानाचा विषय या दोन विचारांच्या मधोमध उभा आहे. अंगच्या बळाचे काय करायचे, हे त्या मुलाला कोणी आणि कसे शिकवायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी श्रोत्यांना आज चंडीगडला यावे लागेल. कारण भारतीय क्रिकेटला लाभलेले दोन थोर तडाखेबंद फलंदाज, कपिल देव आणि युवराज सिंग, हे दोघेही त्याच शहराचे.

चंडीगडचे हृदय म्हणजे सेक्टर १७. फ्रेंच वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनी आखलेल्या या शहरात सर्वसाधारण सेक्टर सुमारे १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद असतो, आणि प्रत्येकात हिरवळीचा पट्टा राखलेला असतो. सेक्टर १७ हा बाजाराचा, कचेऱ्यांचा आणि लोकांनी एकत्र येण्याचा. काँक्रीटच्या एकसारख्या इमारती, त्यांच्यामधून वाहनांना मज्जाव असलेला विस्तीर्ण चौक, आणि जवळच शहराचे जुने बसस्थानक. तेथून जनमार्ग ओलांडला की सेक्टर १६ लागतो. गुलाबांचे प्रसिद्ध उद्यान तेथेच आहे, आणि क्रिकेटचे मैदानही. याच मैदानावर नोव्हेंबर १९९० मध्ये भारत आणि श्रीलंका यांच्यात कसोटी सामना झाला. परंतु त्या मैदानाचे खरे महत्त्व त्या एका कसोटीत नाही. तेथे सकाळ-संध्याकाळ सरावाला येणाऱ्या मुलांमध्ये ते आहे.

कपिल देवचा जन्म ६ जानेवारी १९५९ चा. वडील लाकडाच्या आणि बांधकामाच्या व्यवसायात. घरात क्रिकेटची परंपरा नव्हती. सुटीच्या दिवशी सेक्टरासेक्टरांमध्ये सामने होत. अशाच एका सामन्याच्या वेळी सेक्टर १६ च्या संघात एक खेळाडू कमी पडला आणि बाजूला उभ्या असलेल्या तेरा वर्षांच्या कपिलला आत घेतले गेले, अशी त्याच्या आरंभाची हकिकत सांगतात. पुढे देशप्रेम आझाद यांच्यासारखा शिस्तप्रिय गुरू त्याला लाभला. दार उघडले योगायोगाने. आत टिकवून धरले ते गुरूने.

कपिलच्या फलंदाजीचे दोन प्रसंग प्रत्येक पालकाने आपल्या मुलांना सांगावेत असे आहेत. पहिला १८ जून १९८३ चा, टनब्रिज वेल्स येथील. झिंबाब्वेविरुद्ध भारताची अवस्था ५ बाद १७ अशी झाली होती. या अवस्थेत कपिलने १३८ चेंडूंत नाबाद १७५ धावा केल्या. त्यात १६ चौकार आणि ६ षटकार होते. हे आकडे सर्वांना पाठ असतात. परंतु त्याच डावात नवव्या जोडीसाठी सय्यद किरमाणीसह १२६ धावांची अखंड भागीदारी झाली आणि त्यात किरमाणीचा वाटा अवघ्या २४ धावांचा होता, याची आठवण फारसे कोणी काढत नाही. समोरचा सहकारी टिकला पाहिजे, षटके पुरली पाहिजेत, आणि मग फटका मारला पाहिजे, हा हिशेब डोक्यात चालू असल्यावाचून अशी भागीदारी होत नाही.

दुसरा प्रसंग जुलै १९९० मधील लॉर्ड्सचा. इंग्लंडने ४ बाद ६५३ धावांवर डाव घोषित केला होता. भारताची धावसंख्या ९ बाद ४३०. फॉलोऑन टाळण्यासाठी २४ धावा हव्या होत्या, आणि दुसऱ्या टोकाला होता अखेरचा फलंदाज नरेंद्र हिरवाणी. ऑफस्पिनर एडी हेमिंग्ज यांच्या षटकातील पहिले दोन चेंडू कपिलने शांतपणे खेळून काढले आणि उरलेल्या चार चेंडूंवर चार षटकार ठोकले. फॉलोऑन टळला. पुढच्याच षटकात हिरवाणी पहिल्या चेंडूवर बाद झाला. म्हणजे ज्याला जग धाडस म्हणते, ते वास्तविक अचूक गणित होते. त्या गणितात सर्वांत मोलाचे होते ते खेळून काढलेले पहिले दोन चेंडू.

बळ आणि निवड यांचे हे नाते क्रिकेटपुरते मर्यादित नाही. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये तरुण फलंदाजाची पारख करताना त्याचा जोर आणि त्याची चेंडूची निवड या दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासल्या जातात. टेड विल्यम्स हा त्या खेळातील असामान्य फलंदाज. फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत ज्या कल्पित चौकटीतून चेंडू यावा लागतो, तिचे त्याने चेंडूच्या आकाराचे ७७ भाग पाडले, आणि प्रत्येक भागात आलेल्या चेंडूवर आपल्याला किती यश मिळेल याचा अंदाज मांडला. मधल्या भागात शेकडा ४०. खालच्या बाहेरील कोपऱ्यात अवघे शेकडा २३. माणूस तोच, दंड तेच, बॅटही तीच. फरक फक्त चेंडू कोठे आला आणि तो मारायचा की नाही, याचा. त्या खेळात चार वाईट चेंडू सोडणाऱ्या फलंदाजाला पहिला टप्पा बक्षीस मिळतो. ५२१ वेळा चेंडू मैदानाबाहेर धाडणाऱ्या विल्यम्सने हे बक्षीस २,०२१ वेळा मिळवले. बलवान माणसाच्या संयमाचा याहून बोलका हिशेब क्वचितच सापडेल.

या बळाचे शास्त्रही पालकांनी जाणून घ्यावे. फटक्याचा जोर दंडातून येतो, हा समज अपुरा आहे. तो पायाखालच्या जमिनीपासून निघतो. मांड्या, कंबर, खांदे आणि मनगटे अशी त्याची चढती साखळी असते, आणि शेवटच्या कडीपाशी तो बॅटच्या वेगात उतरतो. बॅटचे वजन दुप्पट केले तर फटक्याची ऊर्जा दुप्पट होईल. वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. म्हणून लहान मुलाच्या हाती मोठ्या माणसाची जड बॅट देणे हा त्याचा गौरव नसून त्याची अडवणूक आहे. शिवाय ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला सुमारे अर्धा सेकंद लागतो. एवढ्या अवधीत विचार करायला सवड नसते. आधी मुरलेली समजच कामी येते. ती समज मुरवणे यालाच सराव म्हणतात.

युवराज सिंगचा जन्म १२ डिसेंबर १९८१ चा, चंडीगडचाच. उंच उचललेली बॅट, लांब हात आणि पूर्ण झोक घेऊन आलेला फटका, ही त्याची ओळख कोवळ्या वयातच झाली. परंतु त्याची पहिली मोठी कामगिरी ही केवळ टोलेबाजी नव्हती. १९९९ च्या अखेरीस जमशेदपूरला झालेल्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात बिहारच्या संघाने ३५७ धावा केल्या. त्यात महेंद्रसिंग धोनीच्या ८४ होत्या. पंजाबकडून एकट्या युवराजने ३५८ धावा काढल्या. अठरा वर्षांच्या उंबरठ्यावरील मुलाने इतका काळ खेळपट्टीवर उभे राहणे म्हणजे शेकडो चेंडूंना योग्य तो मान देणे होय.

१९ सप्टेंबर २००७ रोजी डर्बन येथे स्टुअर्ट ब्रॉडच्या एका षटकात त्याने सहा षटकार मारले आणि १२ चेंडूंत अर्धशतक पूर्ण केले, हे सर्वश्रुत आहे. त्याच्या चौदाच दिवस आधी ओव्हल मैदानावर दिमित्री मॅस्करेनहस याने युवराजच्याच गोलंदाजीवर एका षटकात पाच षटकार मारले होते, हेही त्या सोबत आठवावे. अपमान गिळून पुढच्या सामन्यास उभे राहणे हाही बळाचाच एक प्रकार आहे. आणि ते सहा षटकार नीट पाहिले तर ध्यानात येते की ते एकाच दिशेला गेलेले नाहीत. काही लेग बाजूला, एक एक्स्ट्रा कव्हरवरून, एक पॉइंटवरून. चेंडू जेथे पडला, तेथून त्याला जिकडे जायला सोपे, तिकडे त्याने तो पाठवला. बळाने चेंडूवर हुकमत गाजवली नाही; त्याच्याशी जुळवून घेतले.

पालकहो, या कथेतील एक पान मात्र सुखद नाही, आणि ते गाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. युवराज बालपणी रोलर स्केटिंगमध्ये रमत असे. चौदा वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा त्याने जिंकली. ते पदक त्याच्या वडिलांनी, माजी कसोटीपटू योगराज सिंग यांनी, फेकून दिले आणि केवळ क्रिकेटवर लक्ष देण्यास त्याला बजावले. पुढे मुलगा विश्वविजेत्या संघाचा आधारस्तंभ झाला. २०११ च्या विश्वचषकात ३६२ धावा आणि १५ बळी घेऊन तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. कर्करोगाशी झुंज देऊन पुन्हा मैदानात उतरला. या यशामुळे फेकलेल्या त्या पदकाचे समर्थन करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळला पाहिजे. त्या कठोर तालमीतून एक युवराज घडला, हे खरे. पण घराघरांतून अशी किती पदके फेकली गेली आणि त्या मुलांचे पुढे काय झाले, याची नोंद कोणत्याही धावफलकावर नसते. शिवाय तोल सांभाळणे, वेगात दिशा बदलणे, पडल्यावर उठणे हे स्केटिंगमध्ये शिकलेले धडे वाया गेले असतील, असे कोण म्हणेल? मुलाने कमावलेली गोष्ट फेकून देऊन त्याला निवड करायला शिकवता येत नाही. कारण ती निवड त्याची नसते.

येथे कपिलचा आरंभ पुन्हा आठवावा. सेक्टर १६ च्या त्या संघात एक जागा रिकामी होती, आणि बाहेर उभ्या असलेल्या मुलाला कोणीतरी “ये” म्हटले. शाळेचे काम बहुतांशी एवढेच असते. जागा रिकामी ठेवायची आणि हाक मारायची. मग आझाद सरांसारखे रोज मैदानावर उभे राहायचे. हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेच्या साठ वर्षांत अशा हाका किती मारल्या गेल्या असतील, आणि मारायच्या किती राहून गेल्या असतील, हे येथे बसलेले माजी विद्यार्थीच सांगू शकतील. त्या राहून गेलेल्या हाकांत मुलींचा वाटा मोठा असणार. पंजाबमधील मोगा गावच्या हरमनप्रीत कौरने २० जुलै २०१७ रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्ध ११५ चेंडूंत नाबाद १७१ धावा केल्या, तेव्हा बळ ही केवळ मुलांची मिरास नाही, याचा साऱ्या देशाला साक्षात्कार झाला. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मुलीला तो साक्षात्कार फार पूर्वीच झालेला असतो.

सारांश इतकाच. मुलाच्या अंगचे बळ ही त्याला मिळालेली देणगी आहे; ते दडपू नये आणि त्याचे प्रदर्शनही मांडू नये. कोणता चेंडू मारायचा, कोणता सोडायचा, कोणता केवळ खेळून काढायचा, ही समज मात्र शिकवावी लागते, आणि तिला वर्षे लागतात. सामन्यानंतर मूल घरी येते तेव्हा “किती षटकार मारलेस?” हा प्रश्न सहज तोंडी येतो. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारून पाहावा : “आज कोणता चेंडू सोडलास, आणि का?” पहिल्या दिवशी मूल गोंधळेल. महिनाभराने ते उत्तर देऊ लागेल. ज्या दिवशी ते उत्तर न विचारता सांगेल, त्या दिवशी त्याच्या हातातील बॅट निर्धास्तपणे त्याच्यावर सोपवावी.