खण, कमान आणि कॉलम

आगाशीत आलात तर एखाद्या जुन्या कौलारू घराची ओटी जरूर बघा. सारख्या अंतरावर लाकडी खांब, त्यांवर तुळया. दोन खांबांमधल्या जागेला आपण खण म्हणतो आणि घर किती खणांचं, यावरून त्याचा ऐसपैसपणा सांगतो. हे अंतर केवळ शोभेसाठी ठरलेलं नाही. तुळई फार लांब टाकली, तर मधे झोल पडतो. खाली खांब द्यावाच लागतो. ओटीची ती देखणी लय लाकडाच्या ताकदीतून आलेली आहे. सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी नावाजलेल्या या गावाला लाकूड काय नवीन?

जवळच वसईच्या किल्ल्यात मात्र दगडाचं राज्य. दगड दाब भरपूर सोसतो, वाक सोसत नाही. म्हणून दारावर कमान. ती वरचा भार दोन्ही बाजूंना वाटून खाली पोचवते. तिथल्या बहुतेक चर्चांची छपरं केव्हाच गेली, कमानी उभ्या आहेत.

आरसीसीत सळईमुळे काँक्रीट वाकही सोसतं. कॉलम-बीमच्या सांगाड्यात भिंत नुसता पडदा. खिडकी हवी तेवढी रुंद ठेवा, सज्जा खांबाशिवाय पुढे काढा. इतकी मोकळीक असूनही नव्या इमारतींना प्लास्टरच्या कमानी आणि काहीच न पेलणारे गोल खांब चिकटवतात, हे मला पटत नाही. उतरतं छप्पर तर आधीच गेलेलं असतं. मग कोकणच्या पावसात गच्ची गळू लागते आणि तिच्यावर पत्र्याची शेड चढते!