भाऊ मैदानावर, बहीण कुठे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



अमेरिकेतल्या शाळांमध्ये खेळणाऱ्या स्थलांतरित मुलामुलींचा आपल्या कामाशी काय संबंध, असं तुमच्यापैकी काहीजणींच्या मनात आलं असेल. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी काही काळ तिकडे निर्वासित कुटुंबांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत होते. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो आणि तिथे सॉकर म्हणतात, त्या खेळाचा विषय गृहभेटींत घरोघरी निघायचा. तेव्हा मला जो प्रश्न सारखा पडायचा, तोच आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

आधी उजळ बाजू. मेन राज्यातलं लुइस्टन हे जुनं गिरणगाव. कापडगिरण्या बंद पडलेल्या, लोकसंख्या साधारण ३६ हजार. २००१ पासून तिथे सोमाली निर्वासित कुटुंबं येऊ लागली. २००२ मध्ये खुद्द महापौरांनी जाहीर पत्र काढून, येणाऱ्यांचा ओघ कमी करा, गावाला हा ताण झेपत नाही, असं सोमाली समाजाला सांगितलं. जानेवारी २००३ मध्ये एका वंशद्वेषी गटानं तिथे सभा घेतली. त्या सभेला जेमतेम तीसेक माणसं आली, आणि तिच्या विरोधातल्या सभेला चार हजारांहून जास्त! याच गावच्या हायस्कूलच्या मुलांनी २०१५ मध्ये राज्याचं अजिंक्यपद मिळवलं. सोमालिया, केनिया, काँगो इथून आलेली मुलं आणि गावातली गोरी मुलं एकाच संघात खेळली.

नॉर्थ कॅरोलिनातल्या सायलर सिटीत कोंबड्या कापून साफ करण्याच्या कारखान्यांत काम करायला लॅटिन अमेरिकेतून कुटुंबं आली. २००० मध्ये कू क्लक्स क्लॅनचा माजी पुढारी डेव्हिड ड्यूक यानं तिथे त्यांच्याविरुद्ध सभा घेतली. पॉल क्वाद्रोस या पत्रकारानं शाळेच्या मागे लागून मुलांचा संघ उभा करायला लावला. २००२ मध्ये संघ खेळू लागला, २००४ मध्ये आपल्या गटात राज्यात पहिला आला. यातल्या काही मुलांकडे देशात राहण्याचे कागदच नव्हते. तरी ती शाळेत होती, कारण कागद नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये दिलेला आहे.

या विजयांचं मोल मी कमी लेखत नाही. ज्यांना गाव परकं म्हणत होतं, त्यांच्यासाठी तेच गाव टाळ्या वाजवायला लागलं. पण या दोन्ही कहाण्या मुलग्यांच्या आहेत.

मी ज्या घरांत जायचे, तिथे शाळा सुटल्यावर मुलगा दोन तास सरावाला थांबायचा. त्याच वेळी त्याची बहीण धाकट्यांना घरी आणायची, भात चढवायची, आईला इंग्रजी येत नाही म्हणून तिच्याबरोबर दवाखान्यात दुभाषी म्हणून जायची. आई कामाच्या पाळीवर. मुलाचा सराव घरात कुणाच्या तरी श्रमावर उभा होता, आणि ते श्रम कुठल्याच ढालीवर कोरले जात नव्हते. अशाच एका मुलीला मी विचारलं, तुला खेळायला कुणी मनाई केली का? ती म्हणाली, मनाई कुणी केली नाही, पण कुणी विचारलंही नाही.

कायदा मात्र तिच्या बाजूनं आहे. ‘टायटल नाइन’ हा १९७२ चा कायदा सांगतो, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनं लिंगावरून भेदभाव करता कामा नये. त्यापूर्वी हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या, आज त्या तीस लाखांहून जास्त आहेत. हे अमेरिकेतल्या स्त्रियांनी लढून मिळवलेलं आहे. पण कायदा शाळेच्या फाटकापर्यंत येतो. संध्याकाळी भात कुणी शिजवायचा, हे तो सांगत नाही.

फाटकाच्या आतही अडथळे आहेत. वैद्यकीय तपासणीचा फॉर्म आणि त्यावर पालकांची सही. कित्येक शाळांत खेळाची फी. सरावानंतर घरी पोचवायला गाडी नाही. वयाची अट तर विचित्रच. कित्येक निर्वासितांच्या कागदांवर जन्मतारीख १ जानेवारी अशी अंदाजानं लिहिलेली असते, आणि त्या तारखेवरून मूल खेळायला पात्र की अपात्र ते ठरतं. शिवाय कपडे. डोकं झाकून खेळायला जागतिक फुटबॉल संघटनेनं २०१४ मध्ये कायमची मान्यता दिली. पण अमेरिकेतल्या शालेय खेळांत त्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागायची. गेल्या काही वर्षांत अनेक खेळांत ती अट निघाली आहे. मेनमधल्याच पोर्टलंड शहरातल्या एका हायस्कूलमध्ये २०१७ मध्ये टेनिस खेळणाऱ्या मुलींनी पुढाकार घेऊन पैसे उभे केले आणि मुस्लिम खेळाडूंसाठी खेळायचे हिजाब आणले. मुलींनी मुलींसाठी केलेलं काम म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं.

आता आयांबद्दल. ‘त्यांच्या संस्कृतीत मुलींना खेळू देत नाहीत’ हे वाक्य मी तिथल्या शिक्षकांकडून फार ऐकलं. आयांशी बोलले तेव्हा त्यांचे प्रश्न साधे होते. सोबत कोण असेल? अंधार पडल्यावर घरी कोण सोडेल? धाकट्यांना कोण बघेल? याची उत्तरं मिळाली तेव्हा काहीजणींनी सही केली, काहीजणींनी नाही केली. पण व्यवस्थेनं द्यायची उत्तरं संस्कृतीच्या नावावर ढकलणं सोपं असतं, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं अशा ठिकाणी परदेशी नागरिकांची धरपकड शक्यतो करू नये, हे धोरण तिथल्या सरकारनं मागे घेतलं. म्हणजे कागद नसलेल्या आईनं लेकीचा सामना बघायला जावं की नाही, हाही आता भीतीचा विषय झाला.

आपल्याकडे मुंब्र्यात ‘परचम’च्या मुलींनी फुटबॉलसाठी मैदानाची मागणी केली, तेव्हा त्यांनाही याच वाटेनं जावं लागलं. म्हणून गटचर्चेसाठी तीन प्रश्न देते. आपल्या वस्तीतलं मैदान संध्याकाळी पाच ते सात कुणाच्या ताब्यात असतं? त्या वेळी तिथल्या मुली कोणतं काम करत असतात? आणि ते काम त्यांच्या भावांनी, बापांनी, पाळणाघरानं किंवा शाळेनं उचलावं यासाठी आपण कुणाकडे, काय मागणार आहोत? मुलींची नावं संघाच्या यादीत घालण्याआधी ही यादी करू या.