पोटाचा धंदा आणि मैदानाचा नाद

चंदू सरवटे हे नाव काढले की क्रिकेटचे आकडे तोंडपाठ असणारा माणूस थेट ओव्हलवर जाऊन पोचतो. मे १९४६, समोर सरेचा संघ आणि भारत ९ बाद २०५. दहाव्या क्रमांकाचे सरवटे आणि अकराव्या क्रमांकाचे शुटे बॅनर्जी यांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. पण सागरला जन्मलेला, इंदूरला नावारूपाला आलेला हा मराठी माणूस पोटासाठी काय करायचा, हे सहसा कुणी विचारत नाही. ते बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. भिंगाखाली शंख, चक्र पाहायचे, रेषा कुठे फुटते, कुठे संपते ते मोजायचे आणि दोन ठसे एकाच बोटाचे आहेत का, ते ठरवायचे, अशी ही विद्या. १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ने अशा तज्ज्ञाच्या मताला कोर्टात जागा दिलेली. असा दुहेरी माणूस भेटला की आपण त्याला अष्टपैलू म्हणून मोकळे होतो. मला मात्र त्यात गुणांपेक्षा त्या काळाचा रोकडा हिशेब जास्त दिसतो.

तो हिशेब सरवट्यांच्या होळकर संघाकडे पाहिले की कळतो. यशवंतराव होळकरांचा आश्रय, सी. के. नायडूंचे नेतृत्व आणि १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक. १९४५-४६मध्ये म्हैसूरविरुद्ध या संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या, एकाच डावात सहा शतके! त्यांतले १७२ आपल्या कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांचे. सरवट्यांनी १०१ केल्या आणि वर ६१ धावांत ९ बळी घेतले. एवढा दबदबा असलेल्या संघाचे पुढे काय झाले? १९४८मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १९५४-५५च्या हंगामानंतर होळकर हे नावच रणजीतून गेले. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलेल्या या जयसिंगपुरात राजाश्रयाचे मोल वेगळे सांगायला नको. पण राजाश्रय राजाबरोबर जातो. ठसे वाचण्याची विद्या कुठल्या संस्थानाच्या विलीनीकरणात जात नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: दोन दरडींवर पाय ठेवला म्हणूनच कसोटीत ते फिके पडले. नऊ कसोटींत २०८ धावा आणि ३ बळी, हे आकडे कोण नाकारील? पण याच माणसाने प्रथम श्रेणीत ७,४३० धावा आणि ४९४ बळी मिळवले. अर्धवट लक्षाने एवढे हाती लागत नाही. १९४७-४८च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात गाठ पडली ती ब्रॅडमनच्या संघाशी. ओव्हलवर दहावा आलेल्या या गड्याला मेलबर्नला सलामीला धाडले, तर त्याने विनू मांकडबरोबर १२४ची भागी केली. अपयशाची कारणे शोधायचीच, तर ती नोकरीआधी तिथे शोधावीत.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तोही मेलबर्नचाच. तिथल्या विद्यापीठाचा संघ १९०८ ते १९१४ ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मुख्य लीगमध्ये खेळला. उद्या वकील, डॉक्टर व्हायचे अशी ही मुले, बिनपैशाने खेळणारी. १९११मध्ये लीगने खेळाडूंना पैसे देण्याची मुभा दिली. इतर क्लब देऊ लागले, विद्यापीठाने दिले नाहीत आणि शेवटचे ५१ सामने ते ओळीने हरले. म्हणजे पोटाचा धंदा वेगळा ठेवला की खेळ बुडतो? तसे म्हणता येत नाही. १९११पूर्वी हाच संघ लीगमध्ये टिकून होता. समोरचा पगारी झाला तेव्हा तोल गेला. सरवट्यांच्या काळात भारतात नुसत्या क्रिकेटवर चूल पेटणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. बहुतेकांना आश्रय किंवा नोकरी लागायचीच, म्हणून सामना बरोबरीचा होता.

आज ती बरोबरी राहिलेली नाही, हे मान्य. आपल्याकडचे पुरावे मात्र अजून ताजे आहेत. राजाराम कॉलेजच्या खाशाबा जाधवांनी १९५२मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले आणि पोलीस खात्यातली नोकरी लागली ती १९५५मध्ये. ऑलिंपिकचे पदक गळ्यात असलेल्या पैलवानालाही खाकी वर्दी हवी होती. आज क्रीडा कोट्यातून नोकरी मिळते, पण तिथे बहुधा खेळणे हेच काम असते. गुडघा गेला की त्या मुलाकडे दुसरे काही उरत नाही. म्हणून तालमीत किंवा अकादमीत पोरगा घालताना आईबापांनी वस्तादाला फीबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: याच्या शाळेच्या वेळेचे काय?